वेगाचा नॉब म्हणजे स्विच नव्हे

संपादक महोदय,

प्लायवूडची छोटी होडी मी घरीच बांधली. तिला १२ व्होल्टची मोटार आणि वेग कमी-जास्त करायला पीडब्ल्यूएम (प्रवाह झपाट्याने चालू-बंद करणारा) कंट्रोलर बसवला. पाण्यातल्या पंख्याचे फेरे निम्मे केले की लागणारी शक्ती साधारण एक अष्टमांशावर येते, त्यामुळे संथ फिरलं तर बॅटरी खूप पुरते. दोन वर्षं काहीच तक्रार नव्हती.

गेल्या महिन्यात काठाला लागताना नॉब शून्यावर आणला आणि मोटार थांबण्याऐवजी पूर्ण वेगाने सुटली. समोर दगडी पायऱ्या, त्यांवर पाण्यात पाय सोडून बसलेली मुलं. माझ्या मुलाने बॅटरीवरचा क्लॅम्प हिसडून काढला. ठिणगी उडाली, मोटार थांबली. होडी पायरीपासून हातभर अंतरावर होती. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिच्या तोंडाशी ठिणगी पाडणं हा काही उपाय नव्हे. पण आमच्याकडे दुसरा उपायच नव्हता.

घरी कंट्रोलर उघडला. आतला एक मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, तडकून काळा पडला होता. मल्टिमीटर लावला तर वाजतच राहिला, म्हणजे तो आतून जोडलेलाच होता. हाच भाग सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करून वेग ठरवतो. तो जळतो तेव्हा बहुतेकदा आतून जोडलेलाच राहतो आणि मोटारीला अख्खी बॅटरी थेट मिळते. मग नॉब कितीही फिरवा!

चूक माझी होती. मोटार ३० अँपिअर घेणारी, कंट्रोलरही नेमका ३० चा. पंख्यात पाणवेल अडकली की प्रवाह कितीतरी वाढतो, हे मी धरलंच नव्हतं. शिवाय पाणी लागू नये म्हणून तो प्लास्टिकच्या डब्यात कोंडला होता. उष्णता जाणार कुठून?

अशी होडी बांधणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. कंट्रोलर दुप्पट क्षमतेचा घ्या, बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ फ्यूज लावा आणि मोटारीचा प्रवाह तोडायची सोय कंट्रोलरपासून वेगळी ठेवा. घरातला दिव्याचा स्विच तिथे चालत नाही. बॅटरीच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची ठिणगी सहज विझत नाही, म्हणून डीसीसाठीचाच कॉन्टॅक्टर (छोट्या स्विचने चालणारा, मोठा प्रवाह तोडणारा स्विच) हवा. त्याच्या स्विचची दोरी होडी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधा, म्हणजे तो पाण्यात पडला तरी मोटार बंद होईल.

आमच्या होडीत आता लाल दोरी आहे. काठ सोडण्याआधी मुलगा मोटार चालू करून ती एकदा ओढतो. पंखा थांबला, तरच आम्ही निघतो.

आपला,
एक वाचक