सप्लायमध्ये गेलीस म्हणून

खानापूर, जि. बेळगाव

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

खांद्यावर दोन तारे लागले, आणि शाखा मिळाली आर्मी सर्व्हिस कोअर, म्हणजे फौजेला अन्न-इंधन पोचवणारी. फोनवर तू "ठीक आहे" म्हणालीस ते कसं म्हणालीस ते आम्हाला कळलं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर बेळगावात, त्यामुळे आपल्याकडे पायदळ सोडून बाकी सगळ्याला लोक कारकुनीच समजतात. पायदळ मुलींना अजून खुलं नाही हे माहीत असूनही गल्लीत "म्हणजे किराणा का?" असं विचारणारे भेटतीलच. त्यांना उत्तर देत बसू नकोस. तू मात्र एका माणसाची कारकीर्द नीट वाच. तो आपल्या मुलखाचा, कोल्हापूरचा: लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात.

जन्म 1906 चा, सँडहर्स्टहून 1926 मध्ये कमिशन, पुढे पंजाब रेजिमेंट आणि वायव्य सरहद्द. पण खरी कसोटी जानेवारी 1945 मध्ये ब्रह्मदेशात, अराकान किनाऱ्यावर कांगावला लागली. 51 वी ब्रिगेड, आणि तिच्या तिन्ही पलटणींचे कमांडिंग ऑफिसर भारतीय: कोडगूचे थिमय्या, एल. पी. सेन आणि 2/2 पंजाबचे थोरात. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. थोरातांच्या पलटणीने 'मेलरोझ' नावाची टेकडी संगिनी लावून घेतली, हे सगळे सांगतात. तू बघायचं ते टेकडीच्या पायथ्याचं. तिथे रस्ता नव्हता. खाजण, गुडघाभर चिखल आणि एक अरुंद खाडी. गोळ्या, पाणी, राशन सगळं किनाऱ्यावर माल उतरवणाऱ्या बोटींतून त्या खाडीने वर यायचं, तेही जपानी तोफांच्या माऱ्यात आणि भरती-ओहोटी सांभाळून. जखमी परत जायचे ते त्याच वाटेने. ओहोटीला बोट अडकली की वरच्या कंपनीला गोळ्या नाहीत. हे स्वतः भोगलेला माणूस पुढे नकाशावर बोट ठेवतो तेव्हा आधी रस्ता शोधतो, टेकडी नंतर.

1957 ते 1961 थोरात पूर्व कमांडचे प्रमुख होते. तेव्हाच्या नेफाचं, म्हणजे आजच्या अरुणाचलचं संरक्षण कसं करायचं, याचा आराखडा त्यांनी ऑक्टोबर 1959 मध्ये वर पाठवला. मार्च 1960 मध्ये लखनौला 'लाल किला' नावाच्या सरावात चिनी हल्ला कसा येईल तेही मांडून दाखवलं. त्यांचं म्हणणं असं: मॅकमोहन रेषेवर, म्हणजे चीनच्या बाजूच्या सीमेवर, फक्त इशारा देणारी पातळ ठाणी ठेवा, खरा मोर्चा बराच मागे, बोमडिला गावाच्या रेषेत बांधा. लोकांना वाटतं की ही माघारीची भाषा आहे. हे निव्वळ गणित आहे. वही घे आणि माझ्याबरोबर मांड.

एक पलटण, 800 माणसं धर. अन्न आणि इंधन मिळून माणशी रोज 2 किलो. म्हणजे दिवसाला 1600 किलो, आणि यात गोळी एकही नाही. खेचराच्या पाठीवर साधारण 72 किलो. म्हणजे रोजच्या राशनला 23 खेचरं. ठाणं रस्त्याच्या टोकापासून चार मुक्काम लांब असेल, तर जायला चार दिवस आणि यायला चार. वाटेत कायम 184 खेचरं. इथवर सगळे येतात आणि थांबतात. खेचर काय खाणार? वर गवत नाही. रोजचा दाणा-चारा पाच किलो धरला तर आठ दिवसांचे चाळीस किलो त्याने स्वतःसाठीच वाहायचे. पलटणीच्या वाट्याला उरले 32. आता रोज 50 खेचरं निघायला हवीत आणि वाटेवर 400. मुक्काम चाराचे सहा केलेस की बारा दिवसांचा चारा साठ किलो होतो, पलटणीसाठी उरतात बारा. आठ मुक्काम केलेस तर सोळा दिवसांचा चारा ऐंशी किलो, खेचराला स्वतःचं पोटही वाहता येत नाही. रस्त्यापासून लांब गेलेली फौज गोळी न झाडता मोडते ती अशी.

थोरातांना हे ओझं चिन्यांवर टाकायचं होतं. त्यांनी खिंडी ओलांडून यावं, त्यांची वाट लांबावी आणि आपली आखूड व्हावी. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते उगाच भीती घालणं ठरवलं. तेव्हाचे लष्करप्रमुख, कांगावचेच थिमय्या, यांनी पुढचे प्रमुख म्हणून थोरातांचं नाव सुचवलं होतं, पण नेमणूक जनरल थापरांची झाली आणि 1961 मध्ये थोरात निवृत्त झाले. मला विचारशील तर ती निवड देशाला महाग पडली.

पुढच्या वर्षी नेमकं उलटं झालं. 7 वी ब्रिगेड थेट सीमेवरच्या नामका चू नदीवर उभी केली. ब्रिगेडियर जॉन दळवी तिचे कमांडर. मोटारीचा रस्ता बराच मागे संपलेला, पुढे पायवाट, म्हणून मदार विमानातून टाकलेल्या मालावर. माल पडायचा त्सांगधरला, साडेचौदा हजार फुटांच्या आसपास. अरुंद पठार, धुकं, आणि चुकलेलं पॅराशूट थेट दरीत. जे वर पडलं तेही जवानांनाच डोक्यावरून खाली न्यायचं होतं, म्हणजे मोर्चा खणायला हात उरत नाहीत. सुती गणवेश, माणशी एक कांबळं, पाऊचमध्ये 50 गोळ्या. 20 ऑक्टोबर 1962 ला हल्ला आला तेव्हा माणसं शौर्यात कुठे कमी पडली नाहीत. पण बोमडिला नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पडलं, आणि तेही आराखड्यात सांगितली तशी तयारी न होताच. म्हणून "थोरातांचं चुकलं" असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नकोस.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण आपल्याच रेजिमेंटचं. डिसेंबर 1971, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातलं, म्हणजे आजच्या बांगलादेशातलं जमालपूर. पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्या हाताखाली गावाच्या मागे जाऊन ढाक्याकडचा रस्ता धरून बसली. शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर पाकिस्तानी कर्नलने नकाराच्या उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. दहाच्या रात्री ते निसटायला निघाले आणि सरळ मराठ्यांच्या नाक्यावर आले. रस्ता तुटला की ठाणं पडतं. कारगिलला टोलोलिंग शिखर आधी घ्यावं लागलं ते श्रीनगर-लेह रस्ता तिथून दिसतो म्हणून. त्याच रस्त्याने उन्हाळ्यात लडाखचा हिवाळ्याचा साठा चढतो.

थोरातांचं एक काम युद्धाचं नव्हतं, तेही लक्षात ठेव. 1953 मध्ये कोरियात, घरी परत जायला नकार देणाऱ्या बावीस हजारांवर कैद्यांची राखण भारतीय तुकडीकडे आली, आणि तुकडी त्यांच्याकडे. दक्षिण कोरियाने आपल्या जमिनीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून माणसं जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट छावणीच्या पट्ट्यात उतरवली. कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून नेलं, तर थोरात जवळजवळ रिकाम्या हाताने कुंपणाच्या आत गेले, त्यांच्याशी बोलले आणि मेजरला घेऊन बाहेर आले. ऑफिसरला असे दिवस लढाईच्या दिवसांपेक्षा जास्त येतात.

आता तुझं. बेंगळुरूला कोर्समध्ये शिकवतील ते शिकशीलच. डेपोत मात्र पहिले दोन महिने हे बघ.

पोती जमिनीवर कधी नकोत. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, मधून माणूस जाईल एवढी वाट. आपल्या खानापुरात पावसाळ्यात भाताच्या पोत्यांना ओल कशी चढते ते तुला माहीत आहे. डाळीचं तसंच, फक्त डाळ आतून कुजते आणि वरून कळत नाही. थरातलं मधलं पोतं काढून परखी, म्हणजे नमुना काढायची पोकळ सळई, मारायला सांग. नवा माल पुढे रचून जुना मागे दाबणं ही प्रत्येक गोदामाची खोड आहे, कारण मागचं काढायला कष्ट पडतात. तारीख पोत्यावर वाच, पाटीवर नको. फुगलेला डबा एक दिसला तर ती अख्खी खेप बाजूला काढ.

ताजी भाजी आणि मांस ठेकेदाराकडून येतं तेव्हा काट्यापाशी तू स्वतः उभी राहा, आणि काटा रिकामा असताना शून्य दाखवतो का ते आधी बघ. भाजी ओली करून आणतात, मटणात हाड वाढवतात. पहिल्या आठवड्यात एक गाडी परत पाठवलीस की वर्षभर त्रास कमी. मिठाईचा डबा, दिवाळीची भेट, काहीही घ्यायचं नाही, आणि नाही म्हणताना हसायचंही नाही.

उंचावर पोस्टिंग आलं तर आधी इंधन मोज, मग राशन. चौदा हजार फुटांवर पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ तासन्तास शिजत नाही आणि रॉकेल दुपटीने जातं. कुकर आणि त्यांचे रबर राशनइतकेच महत्त्वाचे. वीस लिटरच्या कॅनमध्ये रॉकेलच सोळा किलो, वर कॅनचं वजन. खेचरावर दोन्ही बाजू किलो-दोन किलोच्या आत सारख्या हव्यात. एक बाजू झुकली की खोगीर घासतं, पाठ सोलते आणि ते खेचर काही आठवडे कामातून जातं. खेचरवाल्या हवालदाराचं यातलं मत तुझ्या मतापेक्षा वरचं समज.

सुभेदार साहेबांना 'साहेब'च म्हण, त्यांच्यापुढे आपल्या नोकरीचा हिशोब मांडू नकोस. पण लेजरवर सही तुझी असते, त्यांची नाही. चार्ज घेताना आधीचा ऑफिसर म्हणेल, "मॅडम, सगळं बरोबर आहे, माझी गाडी आहे संध्याकाळी." त्याची गाडी चुकू दे. बॅरल वाजवून नाही, गज घालून मोज. तूट निघाली तर तिथेच कागदावर घे, त्याची सही घे आणि सीओंना, म्हणजे तुझ्या कमांडिंग ऑफिसरना, त्याच दिवशी सांग. दुसऱ्या दिवशी ती तूट तुझी असते.

आईने मांडे पाठवायचे म्हणून हट्ट धरलाय, वाटेत चुरा होतील म्हटलं तरी ऐकत नाही. गणिताची वही मात्र मला पाठव. सहा मुक्कामांचं, गोळ्यांसकट, पूर्ण मांडून. एका जवानाला किती गोळ्या धरल्यास आणि का, ते शेजारी लिही.

तुझे,
बाबा