क्षमता नव्हे, निर्मिती सांगा

देशाच्या स्थापित वीजक्षमतेतील जीवाश्मेतर (कोळसा, वायू, तेल यांखेरीजच्या) स्रोतांचा वाटा जून २०२५ मध्ये ५० टक्क्यांवर गेल्याचे स्वागत करणारा आपला अग्रलेख वाचला. आनंद रास्त असला तरी क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. एक मेगावॉटचा संच चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला, तर २४ हजार युनिट वीज मिळेल; तेवढ्याच क्षमतेचा सौर प्रकल्प दिवसाला साधारण चार ते पाच हजार युनिट देतो, आणि पॅनेलवर धूळ साचली, इन्व्हर्टर बंद पडला वा ग्रिडने वीज घेतली नाही, तर त्याहूनही कमी. औष्णिक केंद्रांची दैनिक निर्मिती केंद्रीय वीज प्राधिकरण केंद्रनिहाय प्रसिद्ध करते. सौर व पवन विजेचे दैनिक आकडे मात्र मुख्यतः राज्यनिहाय असल्याने एखादा प्रकल्प महिनोन् महिने अपेक्षेपेक्षा कमी वीज देत राहिला, तरी तो बेरजेत दडून जातो.

नर्मदेचे पाणी इंदूरला चढवण्यासाठी लागणाऱ्या विजेकरिता महापालिकेने २०२३ मध्ये हरित रोख्यांतून (पर्यावरणपूरक कामांसाठीच्या कर्जरोख्यांतून) २४४ कोटी रुपये उभारले, ते खरगोन जिल्ह्यातील जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी. (उद्घाटनाच्या बातम्यांत मेगावॉट असतात, युनिट क्वचितच!) देशातील अशा प्रत्येक प्रकल्पाची मीटरवर नोंदलेली दैनिक निर्मिती एकाच ठिकाणी, सर्वांना पाहता येईल अशी जाहीर करणे प्राधिकरणाने बंधनकारक करावे.

— एक वाचक, इंदूर