बी विंगमधल्या ताईंना, चार कांद्यांबद्दल

ताई,

तुमची-माझी ओळख लिफ्टपुरती. तरी परवा ऑफिसच्या कॉलवर मेक्सिकोच्या क्लायंटला मी 'तार्दो मास दे लो के एस्पेराबामोस', म्हणजे 'वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ लागला', हे न अडखळता बोलले आणि डोळ्यांत पाणीच आलं. म्हणून हे पत्र.

स्पॅनिशची बी वन, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा माझी एकदा हुकली होती. 'माझ्यापेक्षा जास्त' म्हणजे 'मास के यो', इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे 'वाटलं होतं', 'हवे होते' असं अख्खं उपवाक्य आलं की 'पेक्षा'साठी नुसतं 'के' चालत नाही. तिथे कधी 'दे लो के', कधी 'देल के', कधी 'दे लास के'. का, असं क्लासमध्ये विचारलं तर सर म्हणाले, "नियम आहे, पाठ करा. एवढंही कळत नसेल तर पुढच्या बॅचला बसा." सगळ्यांसमोर. वर्गात मराठीचा एक शब्द काढायची सोय नव्हती. फी मात्र आधीच भरून घेतलेली.

त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये माझ्या हातातली वही बघून तुम्ही थांबलात. कामावरून दमून आला होतात, खांद्याला भाजीची पिशवी. ती खाली ठेवलीत आणि विचारलंत, "हे तू मराठीत कसं म्हणशील?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारलाच नव्हता.

स्कूटरच्या सीटवर तुम्ही चार कांदे मांडलेत. "मला दोनच हवेत. जेवढे हवेत त्यापेक्षा जास्त. हा 'जेवढे' कांद्यांमुळे आला ना? तिकडे कांदा बाई आहे, सेबोया. म्हणून मास सेबोयास दे लास के नेसेसितो." मग टोमॅटो ठेवलेत. तो तिकडेही पुरुषच, म्हणून दे लोस के. पैसा, दिनेरो, पुल्लिंगी एकवचनी, म्हणून देल के. शेवटी सगळं उचलून रिकाम्या सीटवर हात ठेवलात. "आता वस्तूच नाही. 'जेवढं वाटलं होतं त्यापेक्षा अवघड.' जेवढं! एस मास दिफीसिल दे लो के पेन्साबा."

जेवढा, जेवढी, जेवढं. स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नाम उरलेलं नाही, पण हा 'लो' उरलाय, आणि तो आपल्या 'जेवढं'सारखा वागतो. ज्या मराठीला वर्गात दाराबाहेर ठेवलं होतं, तिनेच कुलूप उघडलं.

दुसऱ्या प्रयत्नात पास झाले. पण मनात राहिलंय ते तुमचं पिशवी खाली ठेवणं. चार गोष्टी जास्त येणारी माणसं खूप भेटतात. समोरच्याला लहान न करता त्या देणारी फार थोडी. तुम्ही तर घड्याळाकडेही पाहिलं नाहीत.

निघताना त्यातले दोन कांदे माझ्या डब्याच्या पिशवीत टाकलेत. "हे बघ, दे लास के नेसेसितो. जास्तीचे तुझे." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचेच पोहे केले, ताई.