मिहीर, नाही मिळाली तर सांग

मिल्टन कीन्स
रविवार, रात्रीचे साडेदहा

चि. मिहीर यास,
अनेक आशीर्वाद.

तू वर अभ्यास करतोयस आणि मी खाली स्वयंपाकघरात तुला पत्र लिहीत बसलेय. मध्ये चौदा पायऱ्या आहेत. पण जेवताना जे झालं त्यानंतर वर येऊन बोलायला गेले तर माझा आवाज चढेल, मग तुझा चढेल, मग बाबा उठतील. शनिवारच्या मराठी वर्गाला सात वर्षं रडत रडत गेलास, त्यातलं थोडं आज माझ्यासाठी वापर. एखादा शब्द अडला तर मलाच विचार. आजीला फोन करून विचारू नकोस, का ते पुढे कळेल. आणि हे मंगळवारचा मॅथ्सचा पेपर झाल्यावरच वाच. त्याआधी उघडलं असशील तर घडी घालून परत ठेव.

आधी एक सांगते. तू बर्मिंगहॅमच्या ॲस्टन युनिव्हर्सिटीची अकाउंटिंग ॲण्ड फायनान्सची चार वर्षांची डिग्री, तिसरं वर्ष प्लेसमेंटचं, म्हणजे कंपनीत काम करायचं, ही पक्की केलीस ते मला आवडलंय. बाबांसमोर मी गप्प बसले म्हणून तुला वाटलं असेल की मीही त्यांच्याच बाजूची. नाही. ओपन डेला न्यू स्ट्रीट स्टेशनवरून आपण पावसात चालत गेलो, आणि परतीच्या गाडीत तू तासभर एकटाच बोलत होतास, तेव्हाच मला कळलं होतं.

पण गुरुवारी तू यूकॅसवर, युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या त्या साइटवर, बटण दाबलंस आणि आम्हाला रविवारी सांगितलंस. मधले तीन दिवस तू आमच्यासोबत जेवत होतास. शुक्रवारी तर मी विचारलंसुद्धा, काही ठरलं का? तू म्हणालास, बघतोय अजून. ते मला लागलंय. निवड नाही लागली.

बाबांचं म्हणशील तर, २०२० च्या त्या सात महिन्यांनंतर 'एक वर्ष' हे शब्द त्यांना शांतपणे ऐकताच येत नाहीत. 'वर्ष वाया' हे त्यांच्या तोंडून निघालं, पण ते तुझ्या वर्षाबद्दल नव्हतं. मी त्यांना उद्या हिशेब मांडून दाखवणार आहे. आपल्याला इथली फी वर्षाला साडेनऊ हजार पौंडांच्या वर. कंपनीत काम करण्याच्या वर्षी युनिव्हर्सिटी जास्तीत जास्त तिचा पाचवा हिस्सा घेऊ शकते, म्हणजे साधारण दोन हजार. वर तुला पगार मिळणार, त्यातले पहिले १२,५७० पौंड करमुक्त. राहण्याचा खर्च जाईल, पण तो तू स्वतः कमावशील. राहण्याखाण्यासाठीचं मेंटेनन्स लोन त्या वर्षी कमी मिळतं, ते आधीच धरून ठेव. कर्जफेडीला बाबा उगाच घाबरतात. तुझ्या वेळच्या मुलांना वर्षाचा पगार २५,००० पौंडांच्या वर गेला की फक्त वरच्या रकमेवर ९ टक्के कापतात, आणि ४० वर्षांनी उरेल ते माफ. हे मी रोज कापते, म्हणून सांगते.

हो, रोज कापते. 'तू तर नुसती पेरोल करतेस, आई' असं म्हणालास ना, त्या पेरोलमधूनच, लोकांच्या पगाराच्या कामातूनच, हे सगळं मला माहीत आहे. तू रागात होतास, मी मनावर घेतलेलं नाही. (घेतलंय. पण तो वेगळा विषय.)

आमच्या ऑफिसात दर ऑगस्टला प्लेसमेंटची एक-दोन मुलं येतात. त्यांचा पहिला कागद माझ्याकडे येतो. नवीन कपडे, गळ्यातलं ओळखपत्र उलटं, आणि फॉर्म भरताना निम्मी मुलं स्टुडंट लोनच्या कप्प्यात चुकीची खूण करतात. शिक्षण चालू असताना ते कर्ज कापायचंच नसतं. मी बोलावून विचारते, दुरुस्त करते. वर्षभर त्यांच्याकडे बघत असते, तू येणार तेव्हा कसा असशील म्हणून. मागच्या वर्षीची एक मुलगी पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, हा आकडा इथे का जातो? तिला खुर्ची दिली. आधीच्या वर्षीच्या मुलाने बारा महिने जे दिलं ते निमूट केलं आणि जाताना त्याला बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचा हिशेब आपल्या वहीशी जुळवणंसुद्धा धड जमत नव्हतं. मुलगा हुशार होता. फक्त विचारायचा नाही.

पण त्या दोघांना निदान प्लेसमेंट मिळाली होती. मिहीर, आपल्याला नाही मिळाली तर? ती युनिव्हर्सिटी देत नाही. मदत करते, पण शोधायची तूच. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच, ऑगस्ट-सप्टेंबरपासून मोठ्या कंपन्या अर्ज घ्यायला लागतात आणि जागा भरल्या की मुदतीआधीच बंद करतात. मग आकड्यांच्या ऑनलाइन परीक्षा, कॅमेऱ्यासमोर एकट्याने दिलेली मुलाखत, मग असेसमेंट सेंटर, म्हणजे दिवसभराची निवडचाचणी. समोरच्या काकूंच्या मोठीने साठेक अर्ज केले होते. बहुतेकांचं उत्तरच आलं नाही. एप्रिलपर्यंत वाट पाहून ती तीन वर्षांच्या कोर्सवर परत गेली. आज तिचं छान चाललंय, पण त्या हिवाळ्यात ती घरी यायची तेव्हा जेवणाच्या टेबलावर बसायची नाही, ताट खोलीत घेऊन जायची.

हे लिहायचंच नाही असं ठरवून बसले होते. असू दे.

माझ्या आर्टिकलशिपचा, सीए होण्यासाठी करावी लागते त्या उमेदवारीचा, पहिला मार्च सांगते. सरांनी मला आणि एका सिनिअर मुलाला हळदीच्या गोदामात माल मोजायला पाठवलं. तोवर 'अखेरची शिल्लक' म्हणजे माझ्या लेखी पुस्तकातली एक ओळ होती, जी प्रश्नातच दिलेली असते. गोदामात गेले तर पोत्यांच्या थप्प्या छपराला टेकलेल्या. मी पुढची रांग मोजली, उंची मोजली, आत किती खोल आहे ते तिथल्या माणसाने सांगितलं तसं लिहिलं आणि गुणाकार केला. सिनिअर म्हणाला, वर चढ. पंजाबी ड्रेसमध्ये मी पोत्यांवरून चढले. वर जाऊन बघते तर मधला भाग पोकळ, विहिरीसारखा. बाहेरून चारी बाजूंनी भिंत आणि आत काही नाही. पुन्हा मोजलं तेव्हा सव्वीस पोती कमी भरली. घरी आले तेव्हा ओढणी, नखं, भुवया सगळं पिवळं. आजी दारातच म्हणाली, अगं, कुणाची हळद होती?

त्या दिवसानंतर ताळेबंदातला कुठलाही आकडा बघितला की मला त्याच्यावर चढून बघावंसं वाटतं. लेक्चरला बसून ते आलं नसतं. म्हणून मला तुझं तिसरं वर्ष हवंय, बाबांनी कितीही वर्ष वाया म्हटलं तरी.

हे तुझ्या रक्तातच आहे, हेही मला सांगायचं होतं. माझे वडील, तात्या, हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. किर्द, खतावणी, जमा, नावे, सगळं हाताने. तेरीज, म्हणजे जमा-नावेच्या बेरजा, जुळली नाही तर रात्री दहा वाजता घरी यायचे, पण जुळवून यायचे. त्यांनी मला नऊचा नियम शिकवला. फरकाला नऊने भाग गेला तर बहुधा कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत. इथे नोकरी लागली त्या वर्षी महिनाअखेर २७० पौंडांचा फरक राहिला होता, तिघीजणी शोधत होतो. मी म्हटलं, नऊने भाग जातोय. वीस मिनिटांत सापडलं, ६३० चे ३६० लिहिलेले. सगळ्यांनी विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, माय फादर. सांगलीचं मार्केट यार्ड त्यांना कुठून समजावू? घरी येताना गाडीत रडले होते मी. तू मागच्या सीटवर झोपला होतास.

बरं. कामाचं. युनिव्हर्सिटीत गेल्यावर पहिल्याच वर्षी बघ की कुठले विषय घेतले तर एसीसीएच्या, म्हणजे इथल्या सीएसारख्या परीक्षेच्या, किती पेपरांतून सूट मिळते. एकूण १३ पेपर, त्यातल्या जास्तीत जास्त ९ ना सूट मिळू शकते, पण ती विषयांवर ठरते. एखादा विषय सोपा वाटतो म्हणून बदललास तर एक सूट जाईल. एसीसीए पूर्ण व्हायला ३६ महिन्यांचा कामाचा अनुभव लागतो. प्लेसमेंटचं काम त्यात बसणारं असेल आणि वरच्या माणसाने सही केली तर ते महिने त्यात धरता येतात. तेव्हा दर महिन्याला नोंद ठेव, वर्ष संपल्यावर सही मागायला जाऊ नकोस. फक्त मोठ्या नावांच्या मागे लागू नकोस. लहान फर्ममध्ये एकच माणूस व्हॅट, पगार, वर्षअखेर सगळं करतो, तिथे जास्त शिकशील. आणि अर्ज नोव्हेंबरपर्यंत ढकलू नकोस, दिवाळीला घरी आला नाहीस तरी चालेल, पण अर्ज...

पुन्हा सुरू झालं माझं. माफ कर. तू सतरा वर्षांचा आहेस आणि दुसरं वर्ष अजून किती लांब आहे.

आता ते सांगते, ज्यासाठी मराठीत लिहायला बसले.

मी सीए झाले नाही, हे तुला माहीत आहे. लग्न झालं आणि राहून गेलं, असं तुला, बाबांना, सगळ्यांना माहीत आहे. ते खरं नाही. २००१ च्या जुलैत फायनलचा निकाल लागला. मी दोन्ही ग्रुपला, म्हणजे पेपरांच्या दोन्ही गटांत, नापास होते. एका ग्रुपला तर प्रत्येक विषयात चाळीसच्या वर होते, पण एकूण पन्नास टक्के लागतात, तिथे गेले. घरी येऊन तात्यांना सांगितलं, एक ग्रुप निघाला. का सांगितलं? ते ओसरीवर बसले होते, त्यांनी वर बघितलं, आणि तोंडातून तेच निघालं. ते म्हणाले, बरं झालं, आणि चपला घालून बाहेर गेले. संध्याकाळी पेढे घेऊन आले. मी दोन खाल्ले. पुढच्या वर्षी लग्न झालं. मी पुन्हा परीक्षेला बसलेच नाही, कारण बसायला खोटं मोडावं लागलं असतं.

तात्या गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत घरखर्चाच्या वह्या निघाल्या. पस्तीस वर्षांच्या. मी ती तारीख काढून बघितली. का काढली कोण जाणे. दूध, रिक्षा, आजीचं औषध. त्याखाली: 'सायबर कॅफे, निकाल पाहणे – २० रु.' त्याच्याखाली: 'पेढे पाव किलो – ३० रु.'

ह्या क्रमाने, मिहीर. आधी निकाल, मग पेढे. माझं हॉल तिकीट देव्हाऱ्यापाशी होतं, त्यावरचा नंबर घेऊन ते गेले असणार. ज्या माणसाने उभ्या जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, त्याने कुणा पोराकडून तो निकाल काढून घेतला असेल. त्यानंतर ते पंधरा वर्षं जगले. एका शब्दाने बोलले नाहीत. मीच कधीतरी सांगेन म्हणून थांबले असतील, किंवा मला लाज वाटू नये म्हणून. कुठलं ते आता कळायला मार्ग नाही. आजीला हे अजून माहीत नाही. बाबांना आज रात्री सांगणार आहे, म्हणजे तू वाचशील तोवर त्यांना कळलेलं असेल.

तू शुक्रवारी 'बघतोय अजून' म्हणालास तेव्हा तुझा चेहरा अगदी माझा होता. मला साठ अर्जांची भीती नाही. अर्ज नाकारले जाण्याचीही नाही. मिळाली नाही तर तीन वर्षांची डिग्री आहेच, उन्हाळ्यात आमच्या ऑफिसात विचारीन, सांगलीला जाऊन एखाद्या सीएंकडे दोन महिने बस. वाटा आहेत. फक्त त्या बर्मिंगहॅमच्या खोलीत बसून मला फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणू नकोस. नाही मिळाली तर त्याच दिवशी सांग. रात्री दोन वाजता सांग. मला सांगायला जड गेलं तर बाबांना सांग, पण कुणालातरी सांग. आणि मी काही बोलले, ओरडले, 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले, तरी दुसऱ्यांदाही सांग.

पेढे मी आणणार नाही. जेवायला बोलवीन आणि शेजारी बसेन.

कॅल्क्युलेटरमधला सेल बदलून ठेवलाय, निळ्या पाऊचमध्ये आहे. जुना पण चालणारा दुसरा बॅगेच्या पुढच्या कप्प्यात टाकलाय, काढून ठेवू नकोस. सकाळी काही खाल्ल्याशिवाय जाऊ नकोस, निदान केळं तरी.

तुझी,
आई

ता. क. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात बाबा पाणी प्यायला खाली आले. सगळं सांगितलं त्यांना. बराच वेळ ओट्याला टेकून उभे होते. वर जाताना विचारत होते, बर्मिंगहॅमहून रात्री शेवटची गाडी किती वाजता असते, आणि तिथे स्टेशनजवळ गाडी लावायला जागा मिळते का.