विषय: विस्तारित वॉरंटी असूनही इंजिन दुरुस्तीचा खर्च नाकारल्याबाबत

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या मदत कक्षाने आज दुपारी फोन करून माझी तक्रार 'समाधानकारकरीत्या निकाली' निघाल्याचे कळवले. माझी सात आसनी डिझेल गाडी मात्र इंजिन उघडलेल्या अवस्थेत आपल्या पुण्यातील अधिकृत सेवा केंद्रात उभी असून टर्बोचार्जर व हाफ इंजिन (इंजिनाचा खालचा मुख्य भाग) मिळून तीन लाख सत्तर हजार रुपयांचे एस्टिमेट माझ्या हाती ठेवण्यात आले आहे. समाधान नेमके कोणाचे झाले, हे फोनवरील बाईंना सांगता आले नाही.

बीएस-6 इंजिनातील डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, मी आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. साठलेली काजळी जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल, ती प्रक्रिया शहरातल्या संथ रहदारीत वारंवार अर्धवट राहिली की, ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते आहे, हे मी पहिल्याच वर्षी जॉब कार्डवर लिहून दिले होते. त्यावर ऑइल बदलले गेले आणि त्याचे बिल माझ्याकडूनच घेतले गेले. अखेर बेअरिंग गेले, ते वृद्ध आईवडील मागच्या सीटवर असताना, खंबाटकी घाटात.

यावर आपल्या सर्व्हिस मॅनेजरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, गाडीच्या सरासरी वेगावर बोट ठेवले आणि म्हणाले, "सर, तुम्ही गाडी पळवतच नाही. शाळा, ऑफिस, मंडई, एवढंच रनिंग. अधूनमधून एक्सप्रेसवेला न्यायला हवी होती. हे वॉरंटीत बसत नाही." रोजचे फिरणे शहरातलेच आहे असे शोरूममध्ये स्पष्ट सांगितल्यावरच हे मॉडेल माझ्या गळ्यात मारण्यात आले होते, याची आठवण करून देताच ते हसले. "सेल्सवाले बोलतात हो तसं." मुलीला शाळेत सोडण्यापूर्वी लोणावळ्यापर्यंत एक फेरी मारावी, अशी कंपनीची अपेक्षा असेल, तर माहितीपत्रकात त्या हसऱ्या कुटुंबाच्या चित्राखाली ती ठळक अक्षरांत छापावी.

विस्तारित वॉरंटीचे पैसे घेताना माझा सरासरी वेग कोणीही विचारला नव्हता. आणि पुन्हा सांगतो, ऑइलची पातळी वाढत असल्याची नोंद आपल्याच जॉब कार्डवर आहे. आमच्या घरातील ही आपल्या कंपनीची दुसरी गाडी. तिसरी येणार नाही.

वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली दुरुस्ती नाकारली, हे पंधरा दिवसांत सही-शिक्क्यानिशी कळवावे, अथवा दुरुस्ती विनामूल्य करून द्यावी. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील उत्पादन दायित्वाच्या तरतुदींनुसार मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन. आपले मुख्यालय कोठेही असले तरी कलम 34 मला राहत्या ठिकाणी तक्रार दाखल करू देते. तोपर्यंत इंजिनाचे काढलेले भाग आणि त्यातील ऑइलचा नमुना माझ्या लेखी संमतीशिवाय हलवू नये.

आपला ग्राहक,
पुणे