आण्णा, काळ्या मोहऱ्यांचा हा डाव तुमचा

आदरणीय आण्णा,
साष्टांग नमस्कार.

बुद्धिबळ स्पर्धेतला शेवटच्या फेरीतला डाव मी काळ्यानं जिंकला, हे तुमच्या कानावर आलंच असेल. आभार मात्र चार लोकांसमोर मानायचे होते, म्हणून हे उघडं पत्र.

समोरची खेळाडू रेटिंगनं बरीच वरची. तिच्या ई४ ला मी सी६ खेळले (नुसतं घराचं नाव म्हणजे प्यादं त्या घरात), आपला कारो-कान, काळ्याचा भक्कम बचाव. डी४, डी५ झालं, तिनं ई५ ढकललं आणि मी उंट एफ५ वर काढला. लगेच तिनं एच४ टाकलं. इथं सरळ ई६ केलं की जी४, एफ३, एच५ अशी प्यादी चालून येतात आणि उंट कोंडून मरतो. बाहेर काढलेल्या मोहऱ्याची माघारीची वाट आधी बघायची, हे मंगळवार पेठेतल्या तुमच्या ओसरीवर इतकं घोटून घेतलंय, की मी शांतपणे एच५ केलं. १९६१ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत तालनंही बोटविनिकसमोर हाच एच४ आणला होता, आणि लढत बोटविनिकनं जिंकली, हेही तुम्हीच सांगितलेलं.

पांढऱ्या घरांचे उंट कटले. तिचा उरलेला उंट काळ्या घरांचा, आणि डी४, ई५, एच४ ही तिची प्यादीही काळ्याच घरांवर! बिचारा स्वतःच्याच प्याद्यांमागं अडकला. मी सी५ करून सी-पट्टी, म्हणजे सी घरांची उभी रांग, उघडली, घोडा एफ५ वर बसवला. तिथून डी४ आणि एच४ दोन्ही त्याच्या माऱ्यात. जी४ करून त्याला हाकलावं, तर माझं एच५ चं प्यादं मारायला टपलेलं. सुरुवातीला उंट वाचवणाऱ्या प्याद्यानंच आता घोड्याची जागा राखली. बचावाची खेळी पुढंही उपयोगी पडली पाहिजे, असं तुम्ही का म्हणता, ते मला तिथं उमगलं.

मग तिचं डी४ चं प्यादं पडलं. माझ्या डी५ ला अडवायला तिचं प्यादंच उरलं नव्हतं. थोड्या वेळानं तिनं डाव सोडला.

काळ्यानं जिंकायचं तर सिसिलियन हा आक्रमक बचावच खेळ, असं मला कितीतरी जणांनी सांगितलं. तुम्ही माझा स्वभाव ओळखलात. एक पैसा न घेता, तालमीत वस्ताद जोर काढून घेतात तसे हत्तीचे एंडगेम, म्हणजे थोडीच मोहरी उरल्यावरचे शेवटचे डाव, काढून घेतलेत. हे ऋण फार मोठं आहे, आण्णा.

रविवारी स्कोअरशीट घेऊन येते. डी४ मी घोड्यानं मारलं. सी४ वरच्या हत्तीनं मारायला हवं होतं का, ते तुमच्यासोबत बघायचंय.

तुमची विद्यार्थिनी