जोडचित्र रकान्याच्या मापाने ताणू नये

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत इंदूरच्या राजवाड्याची, कृष्णपुरा छत्र्यांची जोडचित्रे, म्हणजे एकाच दृश्याचे किंचित वेगळ्या जागेवरून घेतलेले दोन फोटो शेजारी-शेजारी, छापावीत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवली की त्या फरकातून मेंदू खोली उभी करतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्येच दाखवून दिले. त्यासाठी महागडे काही लागत नाही, पण मापे पाळावी लागतात.

दोन्ही चित्रांतल्या एकाच दूरच्या बिंदूत सुमारे ५५ मिमी अंतर असावे. मोठ्या माणसांच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये साधारण ६३ मिमी अंतर असते, मुलांच्या त्याहून कमी. पानावर जागा आहे म्हणून हे अंतर ८० मिमी केले, तर डोळे बाहेरच्या बाजूला वळवावे लागतात. बहुतेकांना ते जमत नाही आणि चित्रे दोनच्या दोनच राहतात. एक चित्र दुसऱ्यापेक्षा दोन मिमी जरी वर गेले तरी डोळे दुखू लागतात.

फोटोसाठी मोबाइल पुरतो. सर्वांत जवळची वस्तू १५ मीटरवर असेल, तर त्याच्या तिसाव्या भागाइतका, म्हणजे ५० सेंमी, उजवीकडे सरकून दुसरा फोटो घ्यावा. फोन तिरका वळवू नये. मधल्या वेळात पुढे गेलेली रिक्षा एकाच डोळ्याला दिसते आणि लुकलुकते, म्हणून राजवाडा पहाटेच टिपावा.

राजवाड्याच्या सारख्या खिडक्यांची रांग फार फसवी. डोळे एका चित्रातली तिसरी खिडकी दुसऱ्यातल्या चौथीशी जुळवतात आणि अख्खी भिंत भलत्याच अंतरावर जाते. यावर उपाय म्हणजे दोन्ही चित्रांच्या माथ्यावर, एकाच खिडकीच्या वर, ठळक ठिपका द्यावा. चित्रांच्या मध्ये २५ सेंमी उंचीचा पुठ्ठा उभा धरून वरच्या कडेला नाक टेकवावे आणि दोन ठिपक्यांचा एक होईपर्यंत दूर पाहिल्यासारखी नजर सैल सोडावी. चाळिशी असेल त्यांनी ती लावावी.

डावे चित्र डावीकडेच हवे. अदलाबदल झाली तर पुढे आलेले सज्जे आत गेलेले दिसायला हवेत. पण सावल्या आणि कोणी कोणाला झाकले आहे या खुणा उलट सांगतात, त्यामुळे चूक कळतही नाही, नुसते बिनसल्यासारखे वाटते. दोन्ही चित्रे लाल व निळ्या रंगांत एकमेकांवर छापून लाल-निळ्या चष्म्यातून पाहण्याची पद्धत वृत्तपत्राच्या कागदावर टाळलेली बरी, कारण शाई जराशी सरकली की दुहेरी कडा दिसतात.

चित्रासोबत एक सूचनाही छापावी: दोन ठिपके एक होऊनही मुलाला खोली कधीच जाणवत नसेल, किंवा एक चित्र मध्येच नाहीसे होत असेल, तर त्याचे डोळे नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत. तिरळेपणा किंवा एका डोळ्याचा मंदपणा लहान वयात कळला तर उपचारांचा उपयोग अधिक होतो.

आपले,
छायाचित्रणाचे काही अभ्यासक, इंदूर